निवड खरी की लुटुपुटीची?



भोसरीहून चाकणकडे जाणाऱ्या बसमध्ये तुम्ही कधी ना कधी बसला असाल. परवा अशाच एका बसमध्ये माझ्या पुढच्या बाकावर तुमच्याच वयाचा एक मुलगा मोबाइलवर व्हिडिओ गेम खेळत होता. खेळातल्या सैनिकापुढे दोन वाटा आल्या, एक डावीकडची आणि एक उजवीकडची. मुलाने त्याला डावीकडे नेले. तेथे सैनिक मेला. मुलाने लगेच ‘पुन्हा सुरू करा’चे बटण दाबले, सैनिक उठला आणि उजवीकडे गेला. बस मोशीला पोचेपर्यंत सैनिक चार वेळा मेला आणि चार वेळा उठला. शेजारी बसलेले आजोबा हे सारे कौतुकाने पाहत होते. शेवटी न राहवून ते म्हणाले, “काय रे बाळा, मरायला तुला काहीच कसे पडत नाही?”

मुलगा हसला. मलाही हसू आले. पण आजोबांचा प्रश्न काही मनातून जाईना. त्या मुलाने चार वेळा निवड केली, हे खरे. पण ती निवड म्हणावी का? डावी वाट चुकली तर त्याचे काय जाणार होते? काहीच नाही. मग डावी काय आणि उजवी काय!

व्हिडिओ गेम चांगले की वाईट, यावर घरोघरी वाद चालतात. त्या वादात मी शिरत नाही. माझे म्हणणे एवढेच आहे, की खेळाची पारख त्यातील चित्रांवरून किंवा आवाजावरून करू नये. खेळ तुम्हाला खरी निवड करू देतो की लुटुपुटीची, हे आधी पाहावे. असे मी का म्हणतो, ते आता सांगतो.

फार लांब जायला नको. पिंपरी-चिंचवड आणि चाकण यांच्यामध्येच आळंदी आहे. सापशिडी हा खेळ मूळचा आपल्याकडचा. त्याचे जुने रूप म्हणजे मोक्षपट, आणि मोक्षपटाचे श्रेय परंपरा ज्ञानेश्वरांना देते. मोक्षपटात घराघरांवर सद्गुणांची आणि दुर्गुणांची नावे असत. सद्गुणाची शिडी वर नेई, दुर्गुणाचा साप खाली आणी. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस हा खेळ इंग्लंडात गेला आणि पुढे जगभर झाला.

आता सापशिडीचा पट डोळ्यांसमोर आणा आणि स्वतःला विचारा, या खेळात खेळाडू ठरवतो काय? काही नाही. फासा टाकायचा आणि पडेल तेवढी घरे चालायची. खेळाडूच्या जागी एखादे यंत्र बसवले, तरी खेळ तसाच चालेल. मोक्षपटाचा हेतू शिकवण देण्याचा होता, त्यामुळे त्याला हे शोभून दिसते. परंतु निवड शिकायची असेल, तर सापशिडीचा उपयोग नाही.

त्याच्या शेजारी सारीपाट ठेवा. तेथेही दान आपल्या हातात नसते. पण पडलेले दान कोणत्या सोंगटीला द्यायचे, हे मात्र आपणच ठरवतो. पुढची सोंगटी घरी न्यावी, तर मागची एकटी पडते आणि मारली जाते. मागचीला वाचवावे, तर पुढचीची संधी हुकते. पुढचे दान काय पडणार, हे कोणालाच ठाऊक नसते. तरीही आत्ता, या क्षणी काही तरी ठरवावे लागते. ही झाली निवड.

सारीपाटाकडे नीट पाहिले, म्हणजे खऱ्या निवडीच्या तीन अटी सापडतात. पहिली अट अशी, की खेळाडूला काही ठाऊक असावे, पण सगळे ठाऊक नसावे. काहीच ठाऊक नसेल तर ती निवड नव्हे, डोळे मिटून मारलेला दगड होय. सगळेच ठाऊक असेल तर ते गणित झाले. उत्तर काढले की संपले. दुसरी अट अशी, की एक घेताना दुसरे सोडावे लागावे. तिसरी अट अशी, की जे सोडले ते निदान त्या डावापुरते परत मिळू नये. बसमधल्या मुलाच्या खेळात तिसरी अट नव्हती, म्हणून पहिल्या दोन असूनही निवड पोकळ ठरली.

चांगले व्हिडिओ गेम बनवणारे लोक या अटी जाणतात. अमेरिकेतील सिड मायर यांचा ‘सिव्हिलायझेशन’ हा खेळ १९९१ मध्ये निघाला. त्यात तुम्ही एक छोटे गाव वसवता. नकाशाचा बहुतेक भाग काळोखात असतो. पलीकडे शत्रू आहे की ओसाड माळ आहे, कळत नाही. गावात आधी धान्याचे कोठार बांधावे की शिपाई उभे करावेत? कोठार बांधले आणि शत्रू आला, तर गाव जाते. शिपाई उभे केले आणि शत्रू आलाच नाही, तर गाव वाढायचे राहते. ही निवड मनाला चटका लावते, कारण दोन्ही बाजूंना काही तरी मोल आहे.

‘एक्सकॉम’ नावाचा खेळ २०१२ मध्ये नव्या रूपात आला. त्यात सैनिकाने नेम धरला, की तो लागण्याची शक्यता किती टक्के आहे, ती पडद्यावर दिसते. समजा, ८० टक्के दिसले आणि तरीही नेम चुकला. खेळाडू चिडतो; खेळाने आपल्याला फसवले, असे त्याला वाटते. पण ८० टक्के म्हणजे पाचातून एकदा चुकणारच! सलग दोनदा चुकण्याची शक्यताही पंचविसात एक आहे, आणि दिवसभर खेळणाऱ्याच्या वाट्याला ती येतेच. आपले मन ८० टक्क्यांना ‘नक्की’ समजते. त्या खेळात मेलेला सैनिक पुन्हा उठत नाही, म्हणून हा धडा चांगला लक्षात राहतो.

पोलंडमधील ‘इलेव्हन बिट स्टुडिओज’ या कंपनीचा ‘दिस वॉर ऑफ माइन’ हा खेळ २०१४ चा. १९९२ ते १९९६ या काळात सारायेव्हो शहराला जो वेढा पडला होता, त्यावरून तो सुचला. त्यात तुम्ही सैनिक नसता, वेढ्यात अडकलेले साधे नागरिक असता. घरातला एक माणूस आजारी आहे. औषध मिळू शकेल असे एक घर आहे, पण तेथे एक वृद्ध जोडपे राहते. त्यांचे औषध आणावे का? आणले तर आपला माणूस कदाचित वाचेल, पण आणणाऱ्याच्या मनाला ते खात राहील, आणि खेळात तसे खरेच दाखवले आहे. हा खेळ तुमच्या वयाचा नाही, मोठेपणी खेळा. पण २०२० मध्ये पोलंडच्या सरकारने तो मोठ्या विद्यार्थ्यांसाठीच्या शिफारशीच्या यादीत घेण्याचे जाहीर केले, ही गोष्ट ध्यानात ठेवण्याजोगी आहे.

आता कोणी म्हणेल, “खेळातले सोडणे ते काय सोडणे! खऱ्या आयुष्यात थोडेच असे होते?” होते, आणि ते आपल्या आकुर्डीतच झाले आहे.

बजाज कंपनीची ‘चेतक’ स्कूटर १९७२ पासून निघू लागली. तिच्यासाठी नाव नोंदवून लोक वर्षानुवर्षे वाट पाहत. तुमच्या आजोबांना विचारा, ते सांगतील. पुढे दिवस पालटले. २००१ मध्ये कंपनीने ‘पल्सर’ मोटरसायकल आणली आणि ती चांगली चालली. स्कूटरचा खप मात्र घसरत गेला. डिसेंबर २००९ मध्ये राजीव बजाज यांनी जाहीर केले, की यापुढे स्कूटर बनवायची नाही, सारी शक्ती मोटरसायकलवर लावायची. ज्या स्कूटरने कंपनीला घराघरांत नेले, तीच सोडायची! त्यांचे वडील राहुल बजाज यांनाही या निर्णयाचे वाईट वाटले, आणि ते त्यांनी उघडपणे बोलून दाखवले.

आमच्या तीन अटी येथे लावून पाहा. मोटरसायकल चालते आहे, हे ठाऊक होते. पुढच्या दहा वर्षांत लोक काय घेतील, हे ठाऊक नव्हते. पैसा, यंत्रे आणि अभियंते मोजकेच असल्याने एक घेताना दुसरे सुटणार होते. आणि बंद केलेली स्कूटर बटण दाबून परत येणार नव्हती. पुढे काय झाले? मोटरसायकलींनी कंपनीला परदेशांत मोठी बाजारपेठ मिळवून दिली. पण इकडे आपल्या देशात गिअर नसलेल्या स्कूटरचा खप भराभर वाढला, आणि तो दुसऱ्या कंपन्यांनी घेतला. जानेवारी २०२० मध्ये ‘चेतक’ हे नाव परत आले, ते विजेवर चालणाऱ्या स्कूटरच्या रूपाने. ती सुरुवातीला चाकणला बनू लागली. २०२२ मध्ये आकुर्डीतही विजेच्या वाहनांचा नवा कारखाना सुरू झाला.

तर मग २००९ चा निर्णय बरोबर की चूक? जाणकारांत यावर आजही दोन मते आहेत, आणि ती राहणारच. कारण घेतलेल्या निर्णयाचा हिशेब वहीत सापडतो. न घेतलेल्या निर्णयाचा हिशेब कोणत्याच वहीत सापडत नाही.

येथेच खेळाचे महत्त्व आहे, असे मला वाटते. खेळात आपण तोच डाव पहिल्यापासून मांडून दुसरी वाट चालून पाहू शकतो. म्हणजे ‘पुन्हा सुरू करा’चे बटण मुळात वाईट नव्हे. डाव संपल्यावर, काय घडले याचा विचार करून ते दाबले, तर तो प्रयोग होतो. डाव रंगात असताना नुकसान पुसण्यासाठी दाबले, तर तो प्रयोगच पुसला जातो.

नुसते सांगून हे पटणार नाही, म्हणून एक खेळ करून पाहू. साहित्य फार नको, एक फासा, कागद आणि पेन्सिल पुरे.

हा खेळ मला सुचला, त्याला एक कारण आहे. तरुणपणी मी एका लहान कारखान्यात शिकाऊ उमेदवार होतो. लेथवरचे टूल झिजत आले होते. बदलायला थांबलो, तर तेवढे जॉब कमी होणार. मी मनात म्हटले, आणखी एकच जॉब करू. टूल मोडले, जॉब भंगारात गेला आणि पुढचा वेळ सारा सेटिंगमध्ये गेला. मिस्त्रींनी मला रागावले नाही. त्यांनी एवढेच विचारले, “थांबला असतास तर काय गेले असते, ते मोजले होतेस का?” मी मोजले नव्हते.

आता नियम पाहा. तुमची पाळी आठ तासांची आहे. प्रत्येक तासाच्या आरंभी तुम्ही ठरवायचे, यंत्र चालू ठेवायचे की टूल बदलायचे. चालू ठेवले तर त्या तासाला १२ जॉब मिळतात. नव्या टूलचा पहिला तास निर्धोक. फासा टाकायचा नाही. दुसऱ्या तासाला फासा टाका. १ पडला तर टूल मोडले. तिसऱ्या तासाला १ किंवा २ पडले तर मोडले, चौथ्याला १, २ किंवा ३ पडले तर मोडले, आणि असेच पुढे. मोडले तर त्या तासाचे १२ जॉब भंगारात आणि पुढचा तास दुरुस्तीत, म्हणजे शून्य. त्यानंतर टूल नवे. याउलट तुम्ही आपणहून टूल बदलले, तर त्या तासात ४ जॉब मिळतात आणि पुढचा तास निर्धोक होतो.

दहा पाळ्या खेळा आणि बेरजा लिहून ठेवा. मग गणित करा. एक तास चालवून टूल बदलले, तर दोन तासांत १६ जॉब, म्हणजे तासाला ८. दोन तास चालवून बदलायचे ठरवले, तर सहा फेऱ्यांचा हिशेब असा होईल. पहिल्या तासाचे १२ जॉब सहाही वेळा मिळतील, म्हणजे ७२. दुसरा तास सहापैकी पाच वेळा सुखरूप जाईल. तेव्हा १२ आणि बदलताना ४ मिळून १६, असे पाच वेळा ८०. एकदा मोडेल, तेव्हा शून्य. एकूण १८ तासांत १५२ जॉब, म्हणजे तासाला सुमारे ८.४. तीन तास चालवून बदलले, तर सरासरी सुमारे ८.१ येते. कधीच बदलले नाही, मोडेपर्यंत चालवले, तर सुमारे ७ वर येते. अति भित्रा आणि अति लोभी, दोघेही मागे पडतात. पण लोभी जास्त मागे पडतो.

येथे एक गोष्ट तुमच्या लक्षात येईल. योग्य वेळी टूल बदलूनही एखाद्या पाळीत तुम्ही हराल, आणि तुमचा बेफिकीर मित्र जिंकेल. म्हणून त्याचा निर्णय चांगला ठरत नाही. निर्णय चांगला असणे आणि फळ चांगले मिळणे, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. एका पाळीत त्या वेगळ्या दिसत नाहीत. शंभर पाळ्यांत दिसतात.

पण थांबा! उत्तर सापडले, की आपला खेळ पहिल्या अटीतून बाद झाला. तो आता गणित झाला. मग खेळ बनवणाऱ्याने काय करावे? फ्रँक नाइट या अमेरिकन अर्थशास्त्रज्ञाने १९२१ मध्ये एक मोलाचा भेद सांगितला. जिची शक्यता मोजता येते ती जोखीम, आणि जिची शक्यताच मोजता येत नाही ती खरी अनिश्चितता. फाशाची जोखीम आपण मोजली. आता तुम्हाला न दिसणारी एक गोष्ट आणू. दोन चिठ्ठ्या करा, एकीवर ‘मऊ’ आणि दुसरीवर ‘कठीण’ लिहा. आज कारखान्यात आलेल्या कास्टिंगचा लॉट कसा आहे, ते त्या चिठ्ठीवरून ठरेल. मित्राने एक चिठ्ठी उचलावी, पण तुम्हाला दाखवू नये. या प्रकारात फासा प्रत्येक तासाला टाकायचा आणि तो मित्रानेच तुमच्या नजरेआड टाकायचा. लॉट मऊ असेल तर वरचेच नियम. कठीण असेल तर प्रत्येक तासाला धोक्याचा एक आकडा वाढेल, म्हणजे पहिल्या तासालाही १ पडला तर टूल मोडेल. मित्राने एवढेच सांगावे, “चालले” किंवा “मोडले”. त्यावरून लॉट कसा असेल, याचा अंदाज तुम्ही बांधायचा. पुरेसा पुरावा मिळेपर्यंत थांबाल, तर पाळी संपेल. लवकर ठरवाल, तर चुकाल. वैज्ञानिकालाही नेमक्या याच कात्रीत काम करावे लागते.

शेवटचा नियम मला सर्वांत आवडतो. तुमची पाळी संपली, की तेच यंत्र, तेच टूल मित्राच्या हाती द्या. त्याची पाळी तेथून पुढे सुरू होईल. आता तुमचा आठवा तास आला आहे. टूल तीन तास चालले आहे. तुम्ही चालू ठेवले आणि निभावले तर १२ जॉब तुमचे, पण झिजलेले टूल मित्राच्या गळ्यात. मोडले, तर दुरुस्तीचा तासही त्याच्याच माथी. तुम्ही बदलले तर ४ जॉब तुमचे आणि निर्धोक तास त्याचा. काय कराल? आधी दोघांचे गुण वेगवेगळे मोजून खेळा. मग दोघांच्या गुणांची बेरीज करून खेळा. माणसे तीच, फासा तोच, पण आठव्या तासाचे उत्तर बदललेले दिसेल. पहिली पाळी आणि दुसरी पाळी करणारे तुमच्या घरात कोणी असेल, तर त्यांना हा खेळ जरूर दाखवा. ते हसतील, आणि मग कदाचित गंभीर होतील.

खेळ बनवणाऱ्याच्या हातात केवढी शक्ती असते, हे यावरून कळते. गुण कसे मोजायचे, एवढे ठरवून तो खेळाडूला आपमतलबी करू शकतो किंवा सांभाळून घ्यायला शिकवू शकतो. ही शक्ती वाईटासाठीही वापरली जाते. काही खेळांत पैसे देऊन बंद पेट्या घ्याव्या लागतात. आत काय आहे, ते उघडल्यावरच कळते. येथे अनिश्चितता आहे, सोडणेही आहे, आणि गेलेला पैसा परत येत नाही. मग ही खरी निवड का नव्हे? कारण तुम्हाला काहीच ठाऊक नसते आणि तुमच्या विचाराने पेटीतली वस्तू बदलत नाही. ही पुन्हा सापशिडीच, फक्त प्रत्येक दानाला पैसे मोजायचे. बेल्जियमने अशा पेट्यांना २०१८ मध्ये जुगार ठरवले. आपल्या संसदेनेही ऑगस्ट २०२५ मध्ये पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांना बंदी करणारा कायदा संमत केला. कायदा त्याचे काम करील. पण हातातला खेळ कोणत्या जातीचा आहे, हे ओळखायला आपणही शिकले पाहिजे.

“खेळ हा विरंगुळा आहे, त्यात एवढा विचार कशाला?” असे तुम्ही म्हणाल. विरंगुळा हवाच. बसमध्ये घटकाभर सैनिकाला मारून उठवले, म्हणून काही बिघडत नाही. पण सगळेच खेळ तसे असतील, तर सवय तशीच लागते. आणि दहावीनंतर तुमच्यापुढे वाटा येणार आहेत. आय.टी.आय.मध्ये टर्नर किंवा फिटर व्हावे, पदविकेला जावे, की अकरावीत नाव घालावे? चाकणच्या कारखान्यांत दहा वर्षांनी पेट्रोलची इंजिने बनत असतील की विजेच्या मोटारी, हे आज कोणी छातीठोकपणे सांगू शकणार नाही. तेव्हा पुस्तकाच्या मागे उत्तर छापलेले नसेल. पुढे वाट बदलता येते, अनेकांनी बदललीही आहे. पण गेलेली वर्षे परत मिळत नाहीत.

म्हणून मोबाइलवर नवा खेळ उघडाल, तेव्हा त्याला तीन प्रश्न विचारा. मला काय ठाऊक आहे? मी काय सोडतो आहे? ते परत मिळणार आहे का? आणि आपला लेथचा खेळ एकदा खेळून झाला, की त्याचे नियम बदलून पाहा. १२ चे १० करा, ४ चे ६ करा, आणि कोणत्या आकड्यांना ठरवणे सर्वांत अवघड जाते ते शोधा. ज्या आकड्यांवर तुमचा मित्र फासा हातात धरून बराच वेळ गप्प बसेल, ते आकडे वहीत लिहून ठेवा. खेळ तेथे जमला.